नागपुरात लहान लाकडी सदनिका-इमारत बांधायची, तर घराघरांतल्या आवाजाचे काय?

उंबरठा (धागाकर्ता)

तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरे, अशा बेताच्या लाकडी इमारतीचा विचार नागपुरात आता गांभीर्याने होऊ लागला पाहिजे, असे मला वाटते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. लंडनच्या मरे ग्रोव्हमध्ये २००९ साली नऊ मजल्यांच्या इमारतीचे वरचे आठ मजले लाकडी फलकांवर उभे राहिले आणि नॉर्वेतील म्योस्टॉर्नेट ही लाकडी इमारत २०१९ मध्ये ८५ मीटरच्या वर गेली. आपल्याला तितके उंच जायचे नाही. दोन-तीन मजल्यांचे घर लाकडाने उभे करणे ही विदर्भाला नवी गोष्टही नाही.

या विषयावर बोलताना लोक आधी आगीचे विचारतात, मग वाळवीचे, आणि आवाजाचे सर्वांत शेवटी. माझे म्हणणे असे की आवाजाचा प्रश्न सर्वांत आधी, म्हणजे खोल्यांची मांडणी कागदावर उतरण्यापूर्वी सोडवावा लागतो. आगीपासूनचे बरेचसे संरक्षण जिप्समचे थर देऊन नंतरही वाढवता येते, वाळवीवर उपचार करता येतो. परंतु वरच्या घरातील टाच थेट खालच्या घराच्या छतावर आपटत असेल, तर इमारत उभी राहिल्यावर त्यावर फार काही करता येत नाही.

मूळ अडचण वजनाची आहे. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ३६० किलो भरते. आडव्या-उभ्या थरांनी चिकटवलेला पाच थरांचा सीएलटी फलक सुमारे १४० मिलिमीटर जाडीचा घेतला, तरी तो ६५ ते ७० किलोच्या आसपास राहतो. हवेतून येणारा आवाज, म्हणजे बोलणे, टीव्ही, मुलांचा आरडाओरडा, अडवण्याचे काम प्रामुख्याने वजन करते. वजन दुप्पट झाले की सिद्धांतानुसार सुमारे ६ डेसिबलचा फायदा होतो. त्यामुळे उघड्या सीएलटी फलकाचा एसटीसी आकडा (हवेतून येणारा आवाज किती अडतो हे सांगणारे माप; जितके जास्त तितके चांगले) ३९ च्या आसपास येतो, तर उघड्या काँक्रीट स्लॅबचा ५० च्या वर जातो. अमेरिकेतील आदर्श बांधकाम संहिता दोन घरांमधील भिंतीसाठी आणि मजल्यासाठी ५० मागते, म्हणजे उघडे लाकूड इथेच मागे पडते.

आदळण्याचा आवाज मात्र वेगळा आहे. खुर्ची सरकणे, लाटणे पडणे, चालणे या आवाजांच्या बाबतीत उघडा काँक्रीट स्लॅबही फारसा चांगला नसतो, आणि हे आपल्यापैकी प्रत्येकाने वरच्या घरातील पलंग सरकताना अनुभवले आहे. फरक सुरांचा आहे: काँक्रीटमधून टणत्कार येतो, लाकडातून धपधप येते, आणि ही धपधप १०० हर्ट्झच्या खाली असल्याने नेहमीच्या मोजणीत ती पुरेशी पकडलीच जात नाही. प्रचलित मोजणी ५०० ग्रॅमचे पाच हातोडे ४० मिलिमीटरवरून सेकंदाला दहा वेळा टाकणाऱ्या यंत्राने होते आणि तिचा एक-आकडी निकाल १०० हर्ट्झच्या खाली सहसा पाहत नाही. स्वीडनच्या नियमांनी म्हणूनच हिशेब ५० हर्ट्झपासून सुरू केला आणि तेथील आक्युलाइट या संशोधन प्रकल्पात असे दिसले की हलक्या मजल्यांबद्दलची रहिवाशांची नाराजी समजून घ्यायची असेल, तर २० हर्ट्झपर्यंत खाली उतरावे लागते.

आपल्या घरांत आपण अनवाणी वावरतो. बुटांची टकटक येथे नसते. असते ती टाचेची धमक आणि लहान मुलांच्या उड्या. जपानमध्येही लोक घरात पादत्राणे घालत नाहीत आणि घरे लाकडी असतात. तेथे हातोड्यांच्या यंत्राबरोबर अडीच किलोचा रबरी चेंडू एक मीटरवरून टाकूनही मजला तपासतात. नागपुरातील लाकडी इमारतीसाठी मी अमेरिकी आकड्यापेक्षा या चेंडूच्या चाचणीवर अधिक विश्वास ठेवीन.

मांडणीबाबत माझा आग्रह पुढीलप्रमाणे आहे. सर्व मजल्यांचा नकाशा एकसारखा ठेवावा, म्हणजे कोणाच्या झोपण्याच्या खोलीवर दुसऱ्याचे स्वयंपाकघर येणार नाही. दोन घरांच्या मध्ये जिना घालावा. मात्र जिन्याच्या पायऱ्या कोणत्याही घराच्या भिंतीत रोवू नयेत, जिन्याला त्याचा स्वतंत्र सांगाडा द्यावा. जेथे घराला घर लागतेच, तेथे लाकडी उभ्या पट्ट्यांच्या दोन वेगळ्या रांगा कराव्यात, मध्ये किमान २५ मिलिमीटर पोकळी सोडावी, दोन्ही रांगांत खनिज लोकर (रॉकवूल) भरावी आणि फक्त बाहेरच्या बाजूंना जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर लावावेत. अशी भिंत एसटीसी ६० च्या वर जाते, आणि तिचे वजन वीटभिंतीच्या मानाने फारच थोडे असते. पोकळीच्या आत आणखी एखादा बोर्ड लावण्याचा मोह टाळावा. तो अंतर तोडतो आणि खालच्या सुरांत भिंत उलट कमकुवत होते. विजेच्या पेट्या दोन्ही घरांत पाठीला पाठ लावून बसवू नयेत.

मजल्याबद्दल, आणि नागपूरच्या हवेमुळे बदलणाऱ्या गोष्टींबद्दल, येथील जाणकारांचे मत ऐकायचे आहे.

लकडगंजकर

लाकूड विकत घेणाऱ्यांना मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: माल कोणत्या महिन्यात बसवणार? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा पूर्ण कोरडी होते आणि उघड्यावरच्या लाकडातील ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येतो. ऑगस्टमध्ये तेच लाकूड पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलते, ही त्याची ख्याती खरी आहे. तरीही उभ्या चिरणीची (खोडातील वलयांना काटकोनात कापलेली) नसलेली शंभर मिलिमीटर रुंदीची फळी या फरकाने दीड ते दोन मिलिमीटर आकसते. पावसाळ्यात घट्ट बसवलेली फळीबंदी उन्हाळ्यात फटींनी भरलेली दिसते ती यामुळे.

धागाकर्त्यांनी वजनाचा हिशेब मांडला, त्यात फटींचा हिशेब मिळवला पाहिजे. माझी विनंती अशी की दोन घरांमधील आवाज अडवण्याची जबाबदारी फळीवर कधीही टाकू नये. फळी शोभेला आणि भार पेलायला ठेवावी, आवाज अडवणारा थर अखंड असावा. आरागिरणीवरून आलेला माल शेडमध्ये रचून, मध्ये पट्ट्या घालून पुरेसा वाळवावा, शक्यतो भट्टीत वाळवलेला घ्यावा आणि बसवताना ओलावा मोजावा. दहा ते बारा टक्क्यांवर बसवलेले लाकूड दोन्ही ऋतूंना मधोमध पडते.

मजला करकरण्याचे कारणही हेच आहे. आकसलेली फळी खिळ्यावर वर-खाली होते. खिळ्याऐवजी स्क्रू आणि तुळईवर सरसाची किंवा लवचीक गोंदाची रेघ, एवढ्यानेही पुष्कळ करकर थांबते.

उंबरठा

लकडगंजकर, आपण दिलेला मुद्दा माझ्या मांडणीत कमी होता. फटीचा हिशेब किती कठोर आहे हे आकड्यांत सांगतो. चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत घ्या, ती ५० डेसिबल अडवणारी आहे असे धरा. छताला लागून तिच्या पूर्ण लांबीत एक मिलिमीटरची आरपार फट राहिली, तर फटीचे क्षेत्रफळ भिंतीच्या केवळ तीन हजारांश भागाइतके असते; तरी ढोबळ हिशेबाने ती भिंत ३५ डेसिबलच्या आसपास येऊन थांबते. महागड्या बोर्डाचा तिसरा थर लावून जे मिळत नाही, ते वरच्या-खालच्या कडेला कायम मऊ राहणारा ध्वनिरोधक लेप भरून मिळते. कडक होणारी पुट्टी येथे उपयोगाची नाही, कारण पहिल्याच उन्हाळ्यात ती तडकते.

तिसरा_मजला

मी बांधकामातील नाही, भाड्याने राहणारी सामान्य रहिवासी आहे. काँक्रीटच्या इमारतीतही वरच्या घरातील मिक्सर, खलबत्ता आणि रात्री उशिरा ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या ऐकू येतात, आणि त्याबद्दल तक्रार करायची तर शेजारधर्म आड येतो. लाकडी इमारतीत हे सारे अधिकच होणार असेल, तर त्या वाटेला जाण्याचे कारण काय? आणि जाड गालिचा टाकून प्रश्न सुटत नाही का?

उंबरठा

ताई, आपला प्रश्न रास्त आहे. गालिचा टणत्कार शोषतो, धमक शोषत नाही. शिवाय आपल्या हवेत, रोज फरशी पुसणाऱ्या घरांत, गालिच्यावर विसंबून आराखडा करणे योग्य नाही. मजलाच तसा बांधावा लागतो, आणि तसा बांधलेला लाकडी मजला तुमच्या सध्याच्या काँक्रीटपेक्षा शांत असू शकतो, कारण काँक्रीटच्या स्लॅबवर आपण बहुधा थेट फरशी चिकटवतो आणि मध्ये लवचीक थर घालतच नाही.

उपाय तरंगत्या मजल्याचा आहे: खाली लाकडी फलक, त्यावर लवचीक चटई, त्यावर कोठेही भिंतीला न टेकणारा जड थर. ही रचना स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखी वागते आणि तिला स्वतःचा एक सूर असतो. त्या सुराच्या साधारण दीडपट वरचा आवाज ती अडवू लागते, म्हणून तो सूर जितका खाली नेता येईल तितका न्यायचा. चटईची गतिक ताठरता (कंपनाखाली ती किती ताठ वागते त्याचे माप) प्रति घनमीटर १० मेगान्यूटन आणि फलक प्रति चौरस मीटर ६७ किलोचा धरून मी हिशेब केला. वर केवळ २५ किलोचे कोरडे बोर्ड ठेवले, तर सूर ११९ हर्ट्झवर येतो, म्हणजे टाचेच्या धमकेवर काहीच उपयोग नाही. त्याऐवजी ५० मिलिमीटरचा, १०० किलो वजनाचा सिमेंटचा थर दिला, तर ८० हर्ट्झ. त्याच्या जोडीला फलकावर चटईच्या खाली ६० मिलिमीटर कोरडी रेती पसरली, तर ६४. आणि चटई अधिक मऊ, ६ मेगान्यूटनची घेतली, तर ५० हर्ट्झ. या चार आकड्यांतला शेवटचा गाठणे हे माझ्या मते अशा इमारतीचे खरे काम आहे.

या मजल्याचे एकूण वजन पावणेतीनशे ते तीनशे किलोंच्या घरात जाते आणि जाडी ३०० मिलिमीटरला पोहोचते. लाकडी इमारत हलकी असते म्हणून पाया स्वस्त पडतो, हे विधान त्यामुळे थोडे आवरून करावे लागेल. लाकडाच्या वाटेला जाण्याचे कारण विचारलेत, तर माझे उत्तर असे: लाकूड आपल्या जवळच्या जंगलांतून नियोजनाने पुन्हा उगवता येते, सांगाडा कार्यशाळेत तयार करून जागेवर लवकर उभा करता येतो, आणि उन्हाळ्यात काँक्रीट जशी दिवसभराची उष्णता साठवून रात्री घरात सोडते तसे लाकूड करत नाही. शांतता ही त्याची उपजत देणगी नाही, ती मिळवून द्यावी लागते.

महालकर

रेतीचा उल्लेख वाचून लिहितो आहे. महाल भागातील आणि एकूणच विदर्भातील जुन्या वाड्यांच्या माड्यांत सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर असे, वर शेणाने सारवलेले असे. तो थर उन्हापासून संरक्षण करी हे सर्वांना ठाऊक आहे. वर चालणाऱ्याची चाहूल खाली मऊ होऊन पोहोचत असे, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. तो थर आज वापरता येईल काय? आगीचेही बोलले पाहिजे, कारण भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला आणि त्याच्या कोरीव लाकडी कामातले फारसे काही उरले नाही. नागपूरकराच्या मनातून ती गोष्ट जात नाही.

उंबरठा

महालकर जी, त्या मातीचे तत्त्वच येथे आहे. सुटे, जड, आपसात घासणारे कण कंपनाची ऊर्जा खाऊन टाकतात. त्यात सिमेंट घालून ते बांधले की हा गुण बराचसा जातो. मातीऐवजी मी चाळलेली, पूर्ण वाळवलेली कन्हानची रेती किंवा बारीक चुरी सुचवीन, कारण मातीत ओलावा आणि वाळवी दोन्ही टिकतात. रेती पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या चौकोनी घरांत भरावी, नाहीतर काही वर्षांत ती मधल्या झोळाकडे सरकते. तिच्या खाली आणि वर पाणी न जाणारा कागद घालावा. ओली रेती लाकडावर टाकणे म्हणजे फलकाला वरून बुरशी देणे आहे.

आगीबद्दल संरचनेचे जाणकार सांगतील तर बरे.

कडी_तुळई (संरचना अभियंता)

थोडक्यात सांगतो. युरोपीय संहितेनुसार मऊ लाकूड मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर वेगाने कोळसते आणि आतला गाभा भार पेलत राहतो, म्हणून जाड छेदाचे लाकूड आणि नाजूक कोरीव काम यांची आगीतली वागणूक एक नाही. जिप्समचे दुहेरी थर आवाज आणि आग दोन्हींना उपयोगी पडतात. मात्र पोकळ भिंतींत प्रत्येक मजल्याच्या पातळीवर ज्वालारोधक अडसर हवा, आणि तो खनिज लोकरीचा असावा. तेथे लाकडी पट्टी ठोकली तर आगीचे काम होईल, पण दोन्ही रांगा पुन्हा जोडल्या जाऊन भिंतीची शांतता जाईल.

मजल्याचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, ३.० ते ३.६ मीटरच्या आत ठेवावा. लाकडी निवासी मजल्याची स्वाभाविक कंपनसंख्या (मजला स्वतःहून सेकंदाला किती वेळा डोलतो) ८ हर्ट्झच्या वर नसेल, तर युरोपीय संहिता विशेष तपासणी मागते. त्याखाली गेले की आवाज नसला तरी चालताना मजला थरथरल्याचे जाणवते. वर रेती आणि सिमेंटचा थर येणार असेल, तर ही संख्या वजनामुळे खाली येते, म्हणून तुळईची खोली ते वजन धरूनच काढावी. हे विसरले जाते.

आपल्या काळ्या मातीबद्दल एक सूचना: फुगणारी माती हलक्या इमारतींना अधिक त्रास देते. पाया उचलला गेला की भिंतींचे सांधे उघडतात, आणि वर लकडगंजकरांनी सांगितलेल्या फटी तेथूनही येतात. काळी माती जेथे खोल आहे तेथे तिच्या खालच्या मुरुमापर्यंत जावे किंवा फुगीर बुडाचे पाइल घ्यावेत.

धरमपेठवासी

आपण सर्व भिंती आणि मजल्यांबद्दल लिहिता आहात. पण नागपुरात मार्चअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत प्रत्येक घराच्या खिडकीत कूलर असतो. कूलर चालायचा तर समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी लागते. मग या साऱ्या खर्चाचा उपयोग किती?

उंबरठा

हा या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

कूलर तीन प्रकारे आवाज देतो. एक, त्याचा स्वतःचा घरघराट. दोन, त्याच्यासाठी उघडी ठेवलेली खिडकी, जिच्यातून शेजारच्या घरातला आवाज बाहेर पडून आपल्या घरात वळतो आणि मधली उत्तम भिंत निरुपयोगी ठरते. तीन, आणि लाकडी इमारतीत हा सर्वांत त्रासदायक, त्याचे कंपन. कूलरचा पंखा मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेतो. म्हणजे असंतुलनाचे कंपन २३ हर्ट्झच्या आसपास आणि चार पात्यांचा असेल तर पात्यांचा सूर ९३ हर्ट्झच्या आसपास. हलक्या भिंती आणि मजले नेमक्या याच पट्ट्यात दुबळे असतात. लोखंडी कोनांवर कूलर बाहेरच्या भिंतीला टांगला, तर ती भिंतच ध्वनिफलक होते आणि रात्रभर तिन्ही मजल्यांना तो ऐकवते.

म्हणून कूलरची जागा नकाशातच ठरवावी. इमारतीला लागून, पण तिच्यापासून चार बोटे अलग, स्वतःच्या पायावर उभा असा गॅलरीचा सांगाडा करावा आणि कूलर त्यावर रबरी पायांवर ठेवावा. इमारतीशी त्याचा संबंध केवळ कापडी किंवा रबरी गळ्याने यावा. हवा घरात थेट खिडकीतून न आणता, आतून खनिज लोकर आणि जाळी लावलेल्या, एकदा तरी काटकोनात वळणाऱ्या लाकडी नळकांड्यातून आणावी. वळण आणि अस्तर मधले-वरचे सूर चांगले शोषून घेतात. हवा बाहेर जाण्यासाठीही पूर्ण खिडकी उघडण्याऐवजी छताजवळ असेच अस्तराचे झरोके द्यावेत, त्यांचे क्षेत्रफळ मात्र पुरेसे ठेवावे, नाहीतर खोली दमट होते. शेजारील दोन घरांचे झरोके एकाच बाजूला, जवळजवळ येऊ देऊ नयेत. एकाचे पूर्वेला तर दुसऱ्याचे पश्चिमेला.

कूलरचा आणखी एक परिणाम लकडगंजकरांच्या मुद्द्याशी जोडलेला आहे. बाहेर हवा कोरडी आणि आत कूलरची दमट, अशा स्थितीत बाहेरच्या भिंतीचे लाकूड एका बाजूने आकसते आणि दुसऱ्या बाजूने फुगते. बाहेरची आच्छादक फळी भिंतीच्या मुख्य थरापासून हवेच्या पोकळीने वेगळी ठेवली, तर हा ताण मुख्य थरापर्यंत पोहोचत नाही.

धरमपेठवासी

उत्तर पटले. न्हाणीघराचे काय करावे? बादली ओढण्याचा आणि सांडपाण्याच्या नळाचा आवाज आमच्याकडे पहाटे पाचला सुरू होतो.

उंबरठा

न्हाणीघरे एकावर एक घ्यावीत आणि शक्य असेल तर जिन्याला लागून विटांच्या गाभ्यात घ्यावीत. २३० मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली वीटभिंत एकटीच ५० च्या आसपास जाते, पाण्यालाही भीत नाही. इमारत शंभर टक्के लाकडी असावी असा हट्ट मला पटत नाही. सांडपाण्याचा नळ झोपण्याच्या खोलीच्या भिंतीतून नेऊ नये, बिडाचा घेतला तर पातळ पीव्हीसीपेक्षा शांत असतो, आणि मजल्यातून जाताना त्याभोवती लवचीक वेष्टण हवे.

कडी_तुळई

जागेवर काम करणाऱ्यांसाठी एक भर घालतो. तरंगत्या मजल्याचा घात बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात होतो. फरशीवाला मिस्त्री भिंतीलगतची मोकळी कड पांढऱ्या सिमेंटने भरतो, स्कर्टिंग फरशीवर टेकवून बसवतो, आणि सुतार कपाटाचा पाय लांब स्क्रूने खालच्या फलकापर्यंत नेतो. यांपैकी कोणत्याही एका जोडाने वरचा थर इमारतीला पुन्हा चिकटतो. दहा मिलिमीटरची कड-पट्टी फरशी पूर्ण होईपर्यंत कापू नये, स्कर्टिंग फरशीपासून थोडे वर ठेवून खाली मऊ लेप भरावा, आणि कपाटे भिंतीला टांगावीत किंवा वरच्याच थरावर उभी करावीत.

उंबरठा

हे नकाशावरच लिहून मिस्त्र्यांशी समोरासमोर बोलून घ्यावे. आणि पूर्ण इमारतीआधी एकावर एक अशा दोनच खोल्या पूर्ण बांधून तपासाव्यात. मोबाइलवरील मापकावर भिस्त ठेवू नये, कारण त्यावरचा नेहमीचा ए-भारित आकडा ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करून दाखवतो, म्हणजे ज्या धमकेसाठी आपण हे सारे करतो तीच त्यात दिसत नाही. वर एखाद्या मुलाला उड्या मारायला सांगून, खाली कूलर बंद ठेवून, ज्यांना पुढे तेथे राहायचे आहे त्यांनी स्वतः बसून ऐकावे. त्यांचे समाधान झाल्यावरच दुसरा गाळा उभारावा. तिसरा_मजला ताईंसारख्या रहिवाशांनी अशा वेळी उपस्थित राहावे, असे मला मनापासून वाटते.

तिसरा_मजला

बोलावणे आले तर नक्की येईन. मिक्सर मी माझा घेऊन येते, तोही वर चालवून पाहावा.